पिलारबाईंना थांबा म्हणालो

हे सांगायचं म्हणजे आपली फजिती आपल्याच हातानं चव्हाट्यावर मांडायची. पण तुम्ही घरचेच आहात. आणि मी नाही सांगितली तर आमच्या मंडळी सांगणारच आहेत, तेही मीठमसाला लावून! त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय.

तुम्हाला माहीतच आहे, मी वसमतजवळच्या हट्ट्याचा. एस.टी.त कंट्रोलर म्हणून उभी नोकरी गेली. खिडकीत बसायचं, कपाळावर चष्मा, समोर माणसांचं मोहोळ, आणि तोंडात एकच शब्द: "थांबा!" थांबा, गाडी लागली की सांगतो. थांबा, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. दिवसातून हजारदा म्हणत असेन. रिटायर झालो, तीन एकर हळदीत जीव रमवला, पण तो शब्द काही जिभेवरून उतरला नाही.

आता आमची लेक प्रज्ञा. परभणीला शेतीचं शिकली आणि गेल्या वर्षी गेली कुठं? थेट स्पेनला! तिथं ऑलिव्हचा मळा आहे म्हणे, तिथं काम शिकते. ऑलिव्ह काय असतं ते मला विचारू नका. दिसायला जांभळासारखं, खायला खारट, आणि त्याचं तेल काढतात. प्रज्ञानं पाठवलेल्यातलं आपण एकच तोंडात घातलं आणि हळूच रुमालात ठेवलं.

या मळ्याच्या मालकीण म्हणजे पिलारबाई. वय साठीच्या पुढचं, एकट्या सगळा कारभार बघतात. त्या निघाल्या हिंदुस्थान बघायला. चाळीस माणसांची सहल, मुक्काम हैदराबादला. प्रज्ञानं त्यांना गळ घातली, की माझं घर बघून या. आणि त्या हो म्हणाल्या की! नांदेडपर्यंत रेल्वेनं यायचं, तिथून टॅक्सीनं आमच्याकडं, दुपारचं जेवण, आणि संध्याकाळी आठच्या गाडीनं परत हैदराबाद. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचं विमान.

मग प्रज्ञाचा फोन आला.

"पप्पा, नीट ऐका. माझं वर्ष संपत आलंय. अजून एक वर्ष राहायचं तर कागदावर यांची सही लागते. परत आल्या की सही करायची का नाही ते ठरवणार आहेत. माझं सगळं त्यांच्या हातात आहे."

"अगं, एवढा पाहुणचार करतो की दहा वर्षांची सही करतील!"

"पाहुणचार नको पप्पा, टाइम सांभाळा! त्यांना उशीर अजिबात चालत नाही. एक पोरगा रोज दहा मिनिटं उशिरा यायचा, त्याला आठव्या दिवशी घरी पाठवला. चार वाजता त्या तुमच्या दारातून निघाल्या पाहिजेत. चार म्हणजे चार!"

मी म्हणालो, "बाळा, कंट्रोलरला टाइम शिकवती का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. नाही, राहू द्या, नका ठेवू.

बाईंना स्पॅनिश सोडून काही येत नाही आणि मला हिंदी-मराठी सोडून. म्हणून प्रज्ञानं मला एक वाक्य शिकवलं. आमच्या दारात कुत्रा आहे, पाहुण्याला बघून अंगावर जातो. टॅक्सी आली की आधी बाईंना फाटकाशी थांबवायचं, कुत्रा बांधायचा, मग आत घ्यायचं. त्यासाठी ते वाक्य. "एस्पेरे उन मोमेन्तो, सि एस तान आमाब्ले." म्हणजे, आपली कृपा असेल तर क्षणभर थांबावं. साधं 'थांबा' नाही हं, एकदम अदबीचं!

पंधरा दिवस मी ते वाक्य घोकलं. हळद शिजवताना कढईपाशी म्हणायचो, आंघोळीला म्हणायचो. दाढी करताना आरशातल्या मलाच म्हणायचो. प्रज्ञा फोनवर ऐकून म्हणाली, "पप्पा, परफेक्ट! तिथले म्हातारे पण इतकं छान बोलत नाहीत." झालं! आपली छाती दोन इंच फुगली.

तो दिवस उजाडला. बरोबर साडेबाराला टॅक्सी फाटकाशी. ड्रायव्हर नांदेडचे सलीमभाई, तोंडात पान, स्वभावानं गरीब. मागून उतरल्या पिलारबाई. उंच, सडसडीत, पांढरे केस कापलेले, पायात बूट, खांद्याला मोठी पर्स. कुत्रा भुंकला. मी पुढं झालो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "एस्पेरे उन मोमेन्तो, सि एस तान आमाब्ले!"

काय सांगू! बाई जागच्या जागी थांबल्या. डोळे असे मोठ्ठे झाले. दोन्ही हात छातीशी नेऊन काहीतरी म्हणाल्या, ते कौतुकच असणार. मी कुत्रा बांधून येईपर्यंत पाऊल हललं नाही त्यांचं. एवढी आज्ञाधारक पॅसेंजर मला आख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती.

पुढं सगळं झकास झालं. आमच्या मंडळींनी, सुमननं, सकाळीच सिद्धेश्वर धरणातली मासळी मागवली होती. मासळीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, दही-धपाटे, शेंगदाण्याची चटणी. बाईंनी बोटं चाटली. मग शेतात नेलं. हळद शिजवून वाळत घातली होती. बाईंनी ती हातात घेतली, मोडली, वास घेतला, नखानं टोकरली. शेतीच्या माणसाला शेतीचं कळतं हो, भाषा लागत नाही. मी हातवारे करत होतो, त्या माना डोलवत होत्या. मला वाटलं, सही झालीच आता.

चार वाजले. बरोबर चार! बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, पर्स उचलली आणि उठल्या. हात जोडून म्हणाल्या, "ग्रासियास, ग्रासियास." म्हणजे धन्यवाद.

आता इथं जरा नीट ऐका. आपल्याकडं पाहुणा निघतो कसा? पाहुणा उठतो. आपण म्हणतो, "अहो बसा की, एवढी काय घाई?" पाहुणा म्हणतो, "नाही नाही, उशीर होतो." आपण म्हणतो, "चहा तर घ्या." तो म्हणतो, "आताच झाला की." आपण हात धरतो, तो सोडवतो. हे एकदा उंबऱ्यात, एकदा अंगणात, एकदा फाटकात. मग तो जातो. न थांबवता पाहुण्याला जाऊ दिलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. "गेलो तर एका शब्दानं थांबा म्हणाला न्हाई," असं दोन पिढ्या ऐकवतात! थांबा म्हणणं आपलं काम, आणि न थांबणं पाहुण्याचं. दोघांनी आपापलं काम केलं की गाडी सुटते.

तर बाई उठल्या, आणि माझ्यातला यजमान पण उठला. हात आपोआप छातीवर गेला.

"एस्पेरे उन मोमेन्तो, सि एस तान आमाब्ले!"

आणि बाई बसल्या.

बसल्या! पर्स मांडीवर, पाठ ताठ, नजर माझ्याकडं. मी त्यांच्याकडं बघतोय. त्या हसल्या. मी पण हसलो.

सुमन स्वयंपाकघरातून मला खुणावून राहिली. गेलो.

"काहून बसल्या हो त्या? निघायचं होतं ना?"

"मी थांबा म्हणालो."

"मंग? न्हाई म्हणायचं की त्यांनी!"

"न्हाई म्हणल्या न्हाईत. बसल्या."

सुमननं विचार केला. "काही खावंसं वाटून राहिलं असंल. परदेशात काय मिळतं बिचारीला?" असं म्हणून तिनं कढई ठेवली. पापड तळले, कुरडया तळल्या, चहा टाकला. हे सगळं करायला वीस मिनिटं. बाईंनी बघितलं, त्यांचा चेहरा असा उजळला, की हां, याच्यासाठी थांबवलं होतं होय! भरभर कुरडई खाल्ली, चहा उभ्यानंच घेतला, पर्स खांद्याला लावली. "ग्रासियास!"

आणि मी? काय करणार हो, बाई उंबऱ्यात पोचल्या होत्या! उंबऱ्यातलं थांबवणं राहिलं होतं!

"एस्पेरे उन मोमेन्तो…"

परत बसल्या. आता हसू जरा कमी होतं.

साडेचार झाले. सुमन म्हणाली, "आता काय द्यायचं? घरातलं संपून राहिलं." तरी तिनं लाडू काढले. बाईंनी अर्धा लाडू खाल्ला, उठल्या, अंगणात आल्या. मी ठरवून दात-ओठ दाबून धरले होते. पण बूट घालताना त्यांनी माझ्याकडं वळून हात जोडले आणि… सवय हो! जन्माची सवय! तोंड उघडलंच.

या वेळी बाई अंगणातल्याच खुर्चीत बसल्या आणि परत उठायचं नावच घेईनात. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं असावं, की या माणसाच्या मनात काहीतरी मोठं आहे, आणि तो सांगेपर्यंत आपण हलायचं नाही. इतक्या अदबीनं तीनदा विनवलेला माणूस आणखी काय करणार?

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, फोन होता ना हातात? त्यात बोललं की फोन स्पॅनिशमध्ये सांगतो. होता ना! ते पण मला प्रज्ञानंच शिकवलं होतं. मी फोन तोंडाशी धरला. म्हणालो, "बाई, तुमी आता नि…"

"हं? काय चाललंय?" मागून आवाज आला. शेजारचे दत्तराव. एके काळी ग्रामपंचायतीचे मेंबर होते, आता कुणाच्याही दारात काही हललं की हजर. "घरी आलेल्या बाईमाणसाला निघा म्हणून राहिले का काय?"

"न्हाई हो दत्तराव, त्यांची गाडी आहे…"

"गाडी असू द्या! सात समुद्र ओलांडून लेकरू आलं, अन् तुमी फोनमधून हाकलता? आख्ख्या हट्ट्याची लाज जाईल!"

साठीच्या पुढच्या बाईंना लेकरू म्हणतो हा माणूस. पण बोलला ते मनाला लागलं. खरं सांगा, तुम्ही तरी पाहुण्याला 'निघा' म्हणाल का? जीभ वळेल? मी शब्द बदलला. फोनला म्हणालो, "आपली गाडी चुकू नये, अशी आमची फार इच्छा आहे."

फोननं ते बाईंना ऐकवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो! त्यांनी माझा हात हातात घेतला, "सी, सी, ग्रासियास," म्हणाल्या आणि खुर्चीत आणखी निवांत टेकल्या. त्यांना वाटलं, यांना गाडीची काळजी आहे, यांच्या लक्षात आहे, वेळ झाली की हे सांगतीलच! आता त्यांनी घड्याळाकडं बघायचं पण सोडलं. मी मात्र दर मिनिटाला बघत होतो.

पाच वाजता सलीमभाई फाटकातून आत आले. पानाची पिचकारी बाहेरच टाकून.

"साब, चार बजे का बोले थे ना? पाच बज रे. रस्ते में काम चालू है, डेढ़ घंटा तो लगता. मॅडम को छोड़ते के नहीं?"

देवदूतच की! मी म्हणणार होतो, हो, घेऊन जा. आणि म्हणालो काय?

"सलीमभाई, पहिल्यांदा घरात आले, उभ्या उभ्या काहून? बसा, चहा घ्या!"

सलीमभाई आपल्याच मुलखाचे. त्यांनी बरोबर "नहीं नहीं साब" म्हटलं, मी हात धरला, ते बसले. चहा आला. बशीत ओतून फुंकर मारत पिऊ लागले. म्हणजे आता पॅसेंजर बसलेली, ड्रायव्हर बसलेला, आणि गाडी उभी. तीस वर्षांत माझ्या हातून असला घोळ झाला नव्हता.

सव्वापाचला फोन वाजला. प्रज्ञा!

"पप्पा, निघाल्या ना? कुठपर्यंत पोचल्या?"

"हां, म्हणजे… निघून राहिल्या."

"निघून राहिल्या म्हणजे?"

"म्हणजे निघाल्यातच जमा आहे. बसल्यात."

"गाडीत?"

"खुर्चीत."

मग ती म्हणाली, "फोन द्या त्यांना." आवाज असा, की मी निमूट दिला. बाई बोलल्या. बरंच बोलल्या. एकदा माझ्याकडं बोट केलं, मग तीन बोटं दाखवली. मला पाणी प्यावंसं वाटलं.

फोन परत आला. "पप्पा! तुम्ही त्यांना तीनदा थांबायला सांगितलं?"

"अगं आग्रह गं तो! करावा लागतो!"

"त्यांना काय माहीत आग्रह? त्या विचारतायत, मी कशासाठी थांबलेय ते मला सांगाल का? काय सांगू मी? उगीच थांबवलं म्हणून सांगू? माझी सही आहे पप्पा, सही!" आणि पोरगी रडायलाच लागली.

एवढ्या लांब एकटी लेक, तिचं एक वर्ष बापाच्या जिभेवर लटकलेलं! त्या गडबडीत मला काहीतरी कारण पाहिजे होतं. असं कारण, की सव्वा तास थांबवल्याचं चीज व्हावं. समोर दत्तराव उभे. त्यांचं तोंड बघून जे सुचलं ते बोललो.

"तसं नाही गं बाळा. त्यांना सांग, त्यांचा सत्कार आहे!"

"सत्कार?"

"गावातर्फे! जाहीर!"

प्रज्ञानं नाक ओढलं आणि परत फोन बाईंना द्यायला सांगितलं. बाईंनी ऐकलं. उभ्या राहिल्या. केसांवरून हात फिरवला, पर्समधून छोटा आरसा काढून चेहरा बघितला. आणि माझ्याकडं बघून अशा लाजून हसल्या, की आता सत्कार केल्याशिवाय सुटका नव्हती. आणि पाच पंचवीस झाले होते.

"दत्तराव, सत्कार करायचा आहे. आताच्या आता!"

दत्तरावांना याहून मोठा आनंद तुम्ही देऊ शकत नाही. आठ मिनिटांत त्यांनी अंगणात पंधरा बाया, दहा बाप्ये आणि एक माईक आणून उभा केला. माईकला स्पीकर नव्हता, पण हातात माईक असल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. सुमननं ट्रंकेतून शाल काढली. हार दारातल्या झेंडूचा, बायांनी तिथंच गुंफला. आता सन्मानचिन्ह कुठून आणायचं? सुमन आत गेली आणि कपाटावरची पितळी एस.टी. घेऊन आली. मला रिटायर होताना मिळालेली! खाली माझं नाव, आणि लिहिलंय, 'प्रदीर्घ सेवेनंतर सुखी निवृत्तीसाठी शुभेच्छा'.

"अगं माझी आहे ती!"

"लेकीपरीस जास्त आहे का?"

दिली. काय करता?

दत्तराव बोलायला उभे राहिले. "दोन शब्द" म्हणाले. त्या दोन शब्दांत हळदीचे भाव आले, सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी आलं, हट्टा ते वसमत रस्ता आला, आणि ते मेंबर असताना बसवलेला हातपंप आला. मी मागून त्यांचा शर्ट ओढत होतो, त्यांना वाटत होतं मी दाद देतोय. पावणेसहा! मग बाईंना शाल, हार, पितळी एस.टी. टाळ्या! दत्तरावांनी माईक बाईंच्या हातात दिला. "आता सत्कारमूर्तींचं मनोगत!"

मी परत घड्याळ बघितलं.

बाई बोलल्या. मनापासून बोलल्या, हात हलवून, आवाज चढवून. एकाला कळेल तर शपथ! त्या थांबल्या की आम्ही टाळ्या वाजवायचो. थांबून माझ्याकडं बघत, काहीतरी विचारल्यासारखं करत, की आमच्या आणखी जोरात टाळ्या. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी खांदे उडवले आणि माईक खाली ठेवला.

सहाला पाच कमी. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात जोडले. सगळं अंगण माझ्याकडं बघतंय. माझा हात छातीकडं निघाला…

तेवढ्यात सुमन मध्ये आली. तिनं बाईंची पर्स एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं बाईंचा दंड धरला, आणि चालवत नेऊन टॅक्सीत बसवलं. बाईंच्या गालावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि दार लावलं. एक शब्द नाही! बाईंनी काचेतून असं बघितलं तिच्याकडं, की या घरात कामाचं माणूस एकच आहे हे त्यांना कळलं असावं.

टॅक्सी सुरू झाली. आणि मला दिसलं, बाईंना बांधून दिलेली चटणीची पिशवी ओट्यावरच राहिली! पिशवी घेऊन मी धावलो. "एस्पेरे! एस्पेरे उन मोमेन्तो!"

बाईंनी दाराच्या कडीला हात घातला. हो, अजून सुद्धा!

सुमन फाटकातून ओरडली, "सलीमभाई, यांचं ऐकू नका! दाबा!"

सलीमभाईंनी दाबली. मी धुळीत, हातात चटणी.

पुढचे दोन तास मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. सुमन बोलत नव्हती. ती बोलते तेव्हा त्रास होतो, पण बोलत नाही तेव्हा जास्त. आठला दोन मिनिटं असताना सलीमभाईंचा फोन.

"साब, मिल गई गाड़ी! चार मिनट बाकी थे. मॅडम दौड़े साब, क्या दौड़े! गले में हार, बगल में वो पीतल की बस. लोगां रस्ता देते गए."

मी मटकन ओट्यावर बसलो.

पण सही? प्रज्ञा त्यानंतर फोनवर तुटक बोलायची. "अजून काही बोलल्या नाहीत." एवढंच. एक मात्र तिनं सांगितलं. बाईंनी आपल्या फोनवर केलेलं भाषणाचं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं होतं. "पप्पा, भाषणात त्यांनी दोनदा विचारलंय, आता मी निघाले तर चालेल का? आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात." आणि पितळी एस.टी.वरचं मराठी काय म्हणतं ते पण त्यांनी तिच्याकडून वाचून घेतलं. आता सांगा, ज्या मालकिणीची सही पाहिजे, तिलाच तुम्ही सुखी निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्यावर ती काय करेल? तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. लेकीचं वाटोळं केलं, असं म्हणत अंथरुणात तळमळायचो.

मग एका रविवारी सकाळी फोन. आम्ही दोघं एकाच फोनला कान लावून बसलो.

"पप्पा, झाली सही!"

सुमननं डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो, "अगं, पण रागावल्या नव्हत्या?"

"नाही पप्पा. म्हणाल्या, मला आयुष्यात एवढ्यांदा कुणी थांब म्हणालं नव्हतं. पितळी बस त्यांनी दारात ठेवलीय. आणि ऐका, मी दिवाळीला यायला पंधरा दिवसांची सुट्टी मागितली होती. त्यांनी स्वतःच्या हातानं खोडून दीड महिना केली!"

"दीड महिना? काहून?"

"म्हणाल्या, पंधरा दिवस राहायला, आणि एक महिना तुझ्या वडिलांच्या घरातून निघायला!"

सुमन हसता हसता भिंतीला टेकली. मी पण हसलो. एवढा आनंद झाला होता, की भान राहिलं नाही. फोन तोंडाशी घेतला आणि म्हणालो,

"दीडच महिना? बाळा, त्यांना सांग, एवढी काय घाई? तू अजून आठ दिवस थांब की!"